वंडीचं तेल

मोटरसायकलचं तेल बदलणं हे काही मोठं काम नाही. इंजिन थोडं तापवून घ्यायचं, खालचा नट सोडायचा, काळं झालेलं तेल भांड्यात उतरू द्यायचं, गाळणी पेट्रोलनं धुवायची, नट पुन्हा आवळायचा आणि नवं तेल ओतायचं. मी हे काम आयुष्यात एकदाच केलं. त्यानंतर आजवर कुठल्याही इंजिनाला हात लावलेला नाही. घरचे म्हणतात, यांना यंत्रांची आवडच नाही. मी त्यांना तसं म्हणू देतो.

गोष्ट युद्धाच्या वर्षांतली. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि तिरुवैयारूच्या अलीकडे थोडी भातशेती. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, शेताकडे पूर्वी बैलगाडीनं जात. मग कालव्याच्या खात्यातला एक इंग्रज साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना त्यानं आपली मोटरसायकल अप्पांना विकली. तोवर आमच्या गल्लीत मोटरसायकल कोणाकडेच नव्हती. शिकताना अप्पांनी ती दोनदा शेजारच्या पेंढ्याच्या गंजीत घातली, पण एकदा हात बसल्यावर धोतराचा काचा मारून, डोक्याला उपरणं गुंडाळून ते असे निघत की सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघत उभी राहायची. मला त्याचा कोण अभिमान! कॉलेजात कोणी नवा भेटला की मी मोटरसायकलची गोष्ट आधी काढायचो आणि स्वतःचं नाव मागाहून सांगायचो.

आमच्या घरात भाषांची वाटणी झालेली होती. घरात मराठी, तीही आमच्या तंजावुरी वळणाची, जी ऐकून पुण्याकडचे पाहुणे तोंडाला उपरणं लावून हसायचे. दाराबाहेर तमिळ. आणि कचेरीचे, सरकारचे कागद इंग्रजीत. पहिल्या दोन भाषा अप्पांच्या. तिसरीत त्यांना फक्त सही करता यायची, तीसुद्धा एकेक अक्षर जपून काढत. मी कॉलेजात गेल्यापासून घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे आलं. अप्पा मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो, मग ते माझ्याकडून मराठीत वाचून घ्यायचे, मान डोलवायचे आणि सही करायचे. मी काय लिहिलं ते त्या घरात दुसऱ्या कोणालाही कळत नव्हतं. तेव्हा मला त्यात मोठेपणा वाटायचा.

या वाटणीत एक शब्द मात्र दोन्हीकडे होता. वंडी. तमिळमध्ये चाकांवर चालणारं काहीही असो, ती वंडी. बैलगाडी वंडी, आगगाडी वंडी, साहेबाची मोटरसायकलही वंडीच. आम्ही तो शब्द घरात घेतला, पण घेताना त्याचा अर्थ आखडून घेतला. आमच्या मराठीत वंडी म्हणजे फक्त बैलगाडी. अप्पांच्या मोटरसायकलला आम्ही ‘मोटार’ म्हणायचो. तिला वंडी म्हणणं म्हणजे तिचा अपमान, असं निदान मी तरी धरून चाललो होतो.

मोटारीची सगळी देखभाल एका माणसाकडे होती. त्याला सगळं गाव मेस्त्री म्हणे. मागच्या लढाईत तो मेसोपोटेमियात लष्कराच्या लॉऱ्यांवर होता. तिथून एक कान अधू करून घेऊन परतला आणि राहिलेल्या कानानं इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगू लागला. माणूस तमिळ, पण आमच्या घरी येऊन येऊन त्याला मराठी समजायला लागली होती. अप्पांना तो ‘एजमान’ म्हणायचा, म्हणजे मालक, आणि मला ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ. मोटार चालवायला मला त्यानंच शिकवलं. मैदानात तो माझ्यामागे धावायचा आणि मी पडलो तर आधी मला उचलायचा, मग मोटार. अप्पांचा क्रम उलटा होता.

त्या वर्षी मेस्त्री काळजीत होता. पेट्रोल कुपनावर मिळू लागलं तशा तंजावुरातल्या मोटारी एकेक करून ठोकळ्यांवर चढल्या आणि त्याचं काम आटलं. गुडघे दुखत, तरी पिशवी खांद्याला मारून तो घरोघर पायी फिरायचा. अशात कुंभकोणमच्या एका बस कंपनीला शेडवर गाड्यांची देखभाल बघायला अनुभवी माणूस हवा होता. कायमची नोकरी, राहायला खोली. कंपनीची अट एकच होती, की माणूस सचोटीचा आहे असं कोणा प्रतिष्ठित जमीनदाराचं पत्र पाहिजे. मेस्त्रीनं अप्पांचं नाव दिलं. अप्पा म्हणाले, “देतों की. शुक्रवारीं तेल बदलायला येशील, तेव्हां घेऊन जा.” पत्र अर्थात मी लिहायचं होतं. या घरात राहून मेस्त्रीच्या भल्याचं असं एखादं काम आपल्या हातून होणार, याचं मला बरंही वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या बाजूनं सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

तमिळ पंचांगातला आडी महिना, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, सरत आला होता. नद्यांना पाणी सुटलं होतं आणि लावणीची घाई चालू होती. अप्पा मंगळवारीच बैलगाडीनं शेतावर गेले आणि तिकडेच राहिले. बुधवारी मेस्त्री आला. काखेत गोणपाटात गुंडाळलेला डबा होता. इंजिनाचं तेल तेव्हा पैसे देऊनही मिळत नसे. मेस्त्रीनं कुठल्या कुठल्या ओळखी काढून तो सीलबंद डबा मिळवला होता. तो गोठ्यात गेला, डबा ठेवून बाहेर आला आणि मला म्हणाला, “तंबी, वंडी एण्णै कोट्टगैयिल वच्चिरुक्केन. यारुम् तोडक्कूडादु.” वंडीचं तेल गोठ्यात ठेवलंय, कोणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, मीच बदलतो की, त्यात काय आहे? तो हसला आणि म्हणाला, पुस्तकातलं इंजिन वेगळं, हे वेगळं. शुक्रवारी दुपारी येतो, तोवर तू तुझं पुस्तक वाच.

त्याच्या बोलण्यात टोचायचा हेतू नव्हता. पण मला ते लागलं. मी कुंभकोणमला बी.ए.च्या वर्गात होतो, कॉलेज बंद म्हणून घरी आलो होतो, मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी पाठ केल्यात जमा होतं, आणि हा मला माझ्याच घरच्या मोटारीपासून लांब राहायला सांगत होता. नाकावर माशी बसू द्यायची नाही असं ते वय. गुरुवारी सकाळी मी कामाला लागलो.

किक मारून इंजिन तापवलं. खालचा नट काही केल्या हलेना. योग्य मापाचा पाना मेस्त्रीच्या पिशवीत असायचा. मी अप्पांचा जुना फिरता पाना लावला, तो दोनदा निसटला, नटाचे कोपरे खरडले गेले आणि माझ्या बोटांची सालं निघाली. शेवटी नट सुटला. काळं तेल पातेल्यात उतरलं. गाळणी बाहेर काढली, बाटलीतल्या पेट्रोलात धुतली, पुस्तकात लिहिलं होतं तशी फडक्यानं न पुसता वाऱ्यावर वाळवली. हे सगळं मी इतकं नीट केलं की स्वतःलाच शाबासकी दिली. मग गोठ्यात गेलो आणि वंडीचं तेल घेऊन आलो.

गोठ्यात शिरल्यावर डाव्या हाताला, खुंटीखाली, वंडीच्या तेलाचा डबा माझ्या लहानपणापासून होता. बैलगाडीच्या कण्याला चोपडायचं ते तेल. म्हणजे एरंडेल, ज्याला आमच्याकडे तमिळमधलंच नाव होतं, विळक्केण्णै. त्यात गाडीवान जळक्या पेंढ्याची राख कालवायचा, ती तळाशी बसायची. मेस्त्रीनं ‘वंडी’ म्हटलं ते तमिळमधलं, म्हणजे मोटारीचं. मी ऐकलं ते घरच्या मराठीतलं. वंडीचं तेल कुठं असतं हे मला विचारायचीही गरज नव्हती. मेस्त्रीनं आपला डबा वर तुळईवर ठेवला होता, तिकडे मी मान वर करून पाहिलंही नाही.

आता एवढंच असतं तर मी या सगळ्याला शब्दाची गफलत म्हणून मोकळा झालो असतो. वर्षानुवर्षं मी मनाशी तसंच म्हणत आलो. पण ते पुरतं खरं नाही. ओतताना मला वास आला होता. लहानपणी दर महिन्याला आई नाक दाबून जे पाजायची त्याचा वास माणूस विसरत नाही. हात क्षणभर थांबला. मग मला आठवलं की कॉलेजच्या वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचलं होतं, शर्यतीतले गोरे स्वार इंजिनात एरंडेलच घालतात. म्हणजे मेस्त्रीनं मुद्दाम हेच आणून या डब्यात ओतून ठेवलं असणार, असं मी ठरवून टाकलं. विचारायला जायचं तर ‘तंबी, पुस्तक वाच’ हे पुन्हा ऐकावं लागलं असतं. मी सगळं ओतलं, तळाची राखसुद्धा थोडी गेली.

गुरुवारी संध्याकाळी अप्पा बैलगाडीनं परतले. पुसून लख्ख केलेली मोटार पाहून म्हणाले, “मेस्त्री येऊन गेला वाटतें. काम चोख केलेंन.” मी नुसता हसलो. उद्या चालवून आले, खूश झाले की सांगू, असा माझा बेत होता. त्यांचा चेहरा कसा होईल याची मी मनात दोनतीनदा उजळणीही केली.

शुक्रवारी उजाडताच शेतावरून निरोप आला की बांध फुटलाय. अप्पा तसेच निघाले. मोटारीच्या धुराला एक उग्र वास येत होता आणि मी ओट्यावर उभा राहून ते जाताना बघत होतो. वेट्टार नदीच्या पुलाअलीकडे इंजिन गरम होऊन जाम झालं. चाक धरलं आणि अप्पा रस्त्याकडेच्या चिखलात पडले. हाड मोडलं नाही, पण कोपर सोललं, आणि शेतावर ते पोहोचलेच नाहीत. दहाच्या सुमाराला ते परतले ते एका अनोळखी गाडीवानाच्या बैलगाडीतून, मागे मोटार दोरखंडानं बांधलेली. आडवाटेनं यायचं सोडून त्या गाडीवानानं नेमकं भर रस्त्यानं आणलं. गल्लीतली झाडून सगळी माणसं ओट्यावर होती.

अप्पांनी अंगणात मोटार उभी केली, तेलाचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि वास घेतला. “विळक्केण्णै!” ते इतकंच म्हणाले. आई त्यांचं कोपर धुवायला लागली. मी गोठ्यात गेलो.

वर तुळईवर, गोणपाटात, मेस्त्रीचा डबा जसाच्या तसा होता. सीलसुद्धा न फोडलेलं.

इथे मी दोन गोष्टी करू शकत होतो. डबा हातात घेऊन अंगणात जाऊन म्हणायचं, अप्पा, चूक माझी. दोन थपडा बसल्या असत्या, महिनाभर टोमणे ऐकावे लागले असते आणि प्रकरण मिटलं असतं. मी तसं केलं नाही. अप्पा जेवून आडवे झाल्यावर मी डबा फोडला, परसातल्या सांडपाण्याच्या चरात ओतला आणि रिकामा डबा धोतरात लपवून किल्ल्याच्या खंदकात टाकून आलो. ज्या तेलासाठी मेस्त्री महिनाभर दारोदार फिरला होता ते केळीच्या बुंध्याशी जिरलं. परतल्यावर विहिरीवर चिंचेनं हात घासत होतो तेव्हा आई मागच्या दारात उभी होती. तिनं माझे हात पाहिले, धोतरावरचा डाग पाहिला. काही विचारलं नाही. संध्याकाळी ते धोतर सोड्याच्या पाण्यात भिजत पडलेलं मी पाहिलं.

तिला तेव्हा काय वाटलं असेल हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाचवलं म्हणून मी तिचा ऋणी असायला हवा, पण खरं सांगायचं तर त्या धोतराचा मला तिच्यावर राग आला होता. तिनं विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मी बरीच वर्षं मानत होतो. आपल्या पापाचा वाटा दुसऱ्याच्या माथी मारायची सवय एकदा लागली की ती आईलाही सोडत नाही.

तीनच्या सुमाराला मेस्त्री आला. पत्र मिळणार म्हणून धुतलेला सदरा घालून आला होता. दारातूनच त्याला मोटार दिसली आणि तो पिशवी टाकून तिच्यापाशी उकिडवा बसला. गाळणी काढली. राख आणि एरंडेलाचा लगदा तिच्यात घट्ट बसला होता. तो बोटानं तो खरवडत असताना अप्पा बाहेर आले.

“हें तेल तूंच घातलेंस?” अप्पांनी तमिळमध्ये विचारलं.

मेस्त्री म्हणाला, नाही एजमान, मी तर आत्ता येतोय. माझा डबा गोठ्यात आहे.

“दाखव.”

तो गोठ्यात गेला. आम्ही दोघे दाराशी उभे राहिलो. त्यानं चवड्यावर उभं राहून तुळईवर हात घातला. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेला, मग परत आला. पुन्हा गेला. त्यानं खाली वाकून पेंढा उपसला, वंडीच्या तेलाचा रिकामा डबा हलवून पाहिला. मला अजूनही कोणी उंच फळीवर हात चाचपताना दिसलं की मी तिथून उठून जातो.

युद्धाच्या दिवसांत तसल्या डब्याला काळ्या बाजारात काय किंमत येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांनी ते तोंडानं म्हटलं. डबा विकलास आणि कण्याचं तेल ओतून गेलास. पंधरा वर्षं माझ्या घरात वावरलास आणि हें केलेंस?

मेस्त्रीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. तो म्हणाला, “तंबीकिट्ट सोन्नेने.” तंबीला सांगितलं होतं की मी. बुधवारी, इथेच उभं राहून. विचारा त्याला.

अप्पा माझ्याकडे वळले. “तुला सांगितलें होतें काय त्यानें?”

मी मेस्त्रीकडे पाहिलं नाही. अप्पांच्या कोपराला बांधलेल्या फडक्याकडे पाहत म्हणालो, “नाहीं. मला कांहीं सांगितलें नाहीं.”

मेस्त्री परत मोटारीपाशी जाऊन बसला. मला वाटलं आता तो वाद घालणार. त्यानं खालच्या नटाच्या खरडलेल्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. असा नट मेस्त्रीच्या हातून खरडला जात नाही. मग त्यानं मान वर करून माझ्या हाताच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मी हात मागे घेतले. त्याला सगळं कळलं आणि त्याला कळलं हे मलाही कळलं. पण मालकाच्या मुलाला मालकाच्या अंगणात खोटं पाडता येत नाही. तो उठला, पिशवी उचलली आणि अप्पांना म्हणाला, “सरी, एजमान.” बरं, मालक. पत्राचा विषय त्यानं काढला नाही. जाताना गाळणी मात्र धुतलेल्या फडक्यावर नीट ठेवून गेला.

इथवरची गोष्ट भित्र्या माणसाची आहे. भीती मला समजू शकते, तिला मी कधीकधी माफही करतो. पुढची गोष्ट भीतीची नाही.

दहाएक दिवसांनी बस कंपनीचं पत्र आलं. मेस्त्रीनं नाव आधीच दिलेलं होतं, म्हणून व्यवस्थापकानं सरळ अप्पांनाच विचारलं होतं, की हा माणूस कसा आहे. मी अप्पांना ते मराठीत सांगितलं. मला वाटलं ते भडकतील. आठवडाभर ते जेवताना, अंघोळ करताना, कोणी नुसता खोकला तरी मेस्त्रीच्या नावानं बोटं मोडत होते. पण पत्र ऐकून ते झोपाळ्यावर बसले. पायानं हळूहळू झोका देत राहिले.

“लिही,” ते म्हणाले. “हा मनुष्य पंधरा वर्षें आमच्या मोटारीचें काम पाहात होता. कामांत हुशार आहे. आतां आमच्याकडे काम करीत नाही. बस्स.”

मी विचारलं, “आणि डब्याचें?”

“नको. हातून एकदां वाईट गोष्ट घडली म्हणून त्याचा घांस कशाला काढायचा? आमच्यापुरतें आम्ही बंद केलें. दुसऱ्या गांवीं नीट वागेल. लिही मी सांगतों तेवढेंच.”

मी दौत-टाक घेऊन बसलो. अप्पांनी सांगितलेलं तीन वाक्यांत झालं. सबंध कागद खाली कोरा राहिला. इंग्रजी पत्र इतकं तोकडं शोभत नाही, असं मला वाटलं, हे खरं आहे. मेस्त्रीला ती नोकरी लागली, तो कुंभकोणमला माझ्या कॉलेजच्या गावी राहायला आला, तर रोज तोंड दाखवावं लागेल, असंही वाटलं, हेही खरं आहे. तो जितका वाईट ठरेल तितका मी सुरक्षित. पण या सगळ्याहून मोठं कारण सांगायची मला अजून लाज वाटते. पत्रलेखनाच्या पुस्तकातलं एक वाक्य मला फार आवडत असे आणि ते वापरायची संधी कधी आली नव्हती. मी ते लिहिलं. या इसमाच्या प्रामाणिकपणाची हमी देणे मला शक्य नाही, हे कळवताना मला अत्यंत खेद होत आहे. इंग्रजीत ते फारच डौलदार दिसत होतं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं.

“वाच,” अप्पा म्हणाले.

मी मराठीत वाचून दाखवलं. पंधरा वर्षं काम पाहत होता. कामात हुशार आहे. आता आमच्याकडे काम करत नाही. कागदावर ओळी जास्त होत्या, पण इंग्रजीला जागा जास्त लागते अशी अप्पांची समजूत होती. ती मीच करून दिलेली होती. त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर जपून सही केली आणि माझं अक्षर वळणदार आहे म्हणून कौतुक केलं. टपालपेटीत पत्र मीच टाकलं.

मेस्त्रीला नोकरी मिळाली नाही. पुढे एकदा पूर्वेकडच्या मोठ्या रस्त्यावर तो मला एका सायकलच्या दुकानाबाहेर पंक्चर काढताना दिसला. ज्या माणसानं वाळवंटात लष्करी लॉऱ्या चालत्या ठेवल्या तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. मी वळून दुसरीकडे जाणार तोच त्यानं हाक मारली. “तंबी, कॉलेज सुरू झालं का?” त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना टोमणा. मी हो म्हटलं आणि चालू लागलो. त्यानंतर तो तिरुचीकडे गेला असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं मुलीकडे गेला. मी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर उत्तर मिळालं असतं.

मोटार दुरुस्त झाली नाही. पुढे अप्पा तिरुवैयारूला बसनं जाऊ लागले. युद्ध संपलं आणि दुसऱ्याच वर्षी ते अंथरुणाला खिळले. मी तेव्हा शिक्षक झालो होतो आणि सुट्टीत त्यांच्या उशाशी बसायचो. एके दुपारी मेस्त्रीचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, “असा हात पुन्हा नाही पाहिला. कां असें केलेंन असेल?” मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. गुरुवारची सकाळ, वंडीचं तेल, तुळईवरचा डबा, खंदक, माझं ‘नाहीं’. सांगताना मी रडलो. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ते माझ्याशी बोलणार नाहीत.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“पोर होतास,” ते म्हणाले. “मलाच त्याला नीट विचारायला हवें होतें. माझेंच चुकलें.” मग जणू स्वतःचीच समजूत घालत म्हणाले, “एक बरें झालें. पत्रांत आपण त्याच्याविषयीं वाईट कांहीं लिहिलें नाहीं. तेवढें तरी आपल्या हातून नीट झालें, नव्हे?”

मी म्हटलं, “हो, अप्पा.”